डॉक्टरांनी लिहून दिलेला स्टेक

अमेरिकेतल्या कुठल्याही सुपरमार्केटात गोठवलेल्या जेवणांच्या कपाटात एक खोका हमखास दिसतो. खोक्यावरच्या चित्रात एक लंबगोल, तपकिरी, जाडसर वडी, तिच्यावर चकचकीत दाट रस आणि शेजारी कुस्करलेला बटाटा. वर नाव ‘सॉल्सबरी स्टेक’. मुलांकडे चार महिने राहायला गेलेल्या आपल्याकडच्या अनेक आईवडिलांनी तो पाहिलेला असतो, आणि बीफ खात नसल्यामुळे ते तिथून पुढे सरकलेले असतात. पण नावापाशी जरा थांबलं, तर एकामागून एक कोडी पडायला लागतात.

स्टेक म्हणजे मांसाचा अखंड, जाड, आडवा कापलेला तुकडा. इथे तर चक्क खिमा आहे. सॉल्सबरी हे दक्षिण इंग्लंडमधलं गाव. १२३ मीटर उंचीच्या चर्चच्या मनोऱ्यासाठी आणि जवळच्या स्टोनहेंजसाठी ते प्रसिद्ध आहे, पण या पदार्थाशी त्याचं काही नातं नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळात लॉर्ड सॉल्सबरी नावाचे पंतप्रधान होते. आजच्या झिंबाब्वेच्या राजधानीचं, म्हणजे हरारेचं, नाव १९८२ पर्यंत त्यांच्यावरूनच ‘सॉल्सबरी’ होतं. त्यांचाही इथे संबंध नाही.

हा सॉल्सबरी म्हणजे एक अमेरिकन डॉक्टर. त्याने हा पदार्थ चवीसाठी केला नव्हता, तो औषध म्हणून लिहून दिला होता. मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढेच आहे. आज त्याच्या नावाने जे विकलं जातं, त्यात पावाचा चुरा असतो, पिठाने दाट केलेला रस असतो, शेजारी बटाटा असतो. रोग्यांना डॉक्टर सॉल्सबरी ज्या गोष्टींपासून दूर ठेवत, त्या नेमक्या याच. असं का झालं, याचं अर्धं उत्तर इतिहासात आहे आणि अर्धं मांसाच्या घडणीत.

घेवड्यावर जगून पाहणारा माणूस

जेम्स हेन्री सॉल्सबरी यांचा जन्म १८२३ मधला, न्यूयॉर्क राज्यातल्या स्कॉट नावाच्या लहान गावातला. वैद्यकाआधी त्यांचा हात रसायनशास्त्रात बसला होता. मक्याच्या रोपात आणि दाण्यात काय काय असतं, याचं पृथक्करण त्यांनी तरुणपणी केलं होतं. १८५० मध्ये ते ऑल्बनीच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले आणि पुढे ओहायो राज्यात जाऊन स्थिरावले.

रसायनशास्त्राची सवय त्यांनी वैद्यकात आणली. त्यांचा विचार असा: माणूस दिवसभरात दहा प्रकारचं अन्न खातो, त्यातलं कशाने काय झालं हे कळणार कसं? तेव्हा एका वेळी एकच पदार्थ खायचा आणि शरीराचं काय होतं ते बघायचं. १८५४ मध्ये त्यांनी हा प्रयोग स्वतःवर सुरू केला. फक्त बेक्ड बीन्स, म्हणजे पांढऱ्या घेवड्याचे मंद आचेवर शिजवलेले दाणे. तिसऱ्या दिवसापर्यंत पोट फुगलं, शौचाला होईना, डोकं गरगरायला लागलं, कानात आवाज सुरू झाले आणि वाचन-लेखन अशक्य झालं. त्यांनी स्वतःची विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा त्यांना अर्धवट पचलेला घेवडा आणि यीस्ट, म्हणजे आंबवणारी बुरशी, दिसली.

१८५८ मध्ये त्यांनी सहा धडधाकट पुरुषांना पगारावर आपल्याकडे राहायला आणलं आणि त्यांनाही घेवडा आणि कॉफी एवढ्यावरच ठेवलं. त्यांचंही तेच झालं. नंतर दुसऱ्या काही जणांवर ओटच्या लापशीचा प्रयोग झाला. आज अशा प्रयोगाला कुठलीही नीती-समिती परवानगी देणार नाही, आणि इतक्या थोड्या माणसांवरून कोणी निष्कर्षही काढणार नाही. पण आहारावर अंदाजपंचे बोलण्याऐवजी मोजून पाहण्याची ही वृत्ती त्या काळाच्या मानाने पुढची होती, हे मान्य करावंच लागेल.

छावणीतली हगवण

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या सैन्यात लढाईत जितके सैनिक मेले, त्याच्या साधारण दुप्पट आजाराने मेले. त्या आजारांत हगवणीचा वाटा फार मोठा होता. सैनिकाच्या पिशवीत हार्डटॅक नावाची दगडासारखी कडक बिस्किटं, खारवलेलं डुकराचं मांस, घेवडा आणि कॉफी. ही बिस्किटं इतकी टणक असत, की बंदुकीच्या दस्त्याने फोडून कॉफीत बुडवल्याशिवाय दातांना दाद देत नसत. पाणी डबक्यातलं, शौचाचे चर तंबूंच्या जवळ.

सॉल्सबरींना त्या पिशवीत आपला जुना प्रयोगच दिसला. बिस्किट आणि घेवडा पोटात आंबतात, म्हणून हगवण लागते, असं त्यांचं निदान. उपाय म्हणून त्यांनी ते सगळं बंद करून बारीक केलेलं, चरबी काढलेलं, भाजलेलं बीफ आणि गरम पाणी सांगितलं. रोगी बरे होतात असा त्यांचा अनुभव होता.

ते खरंच बरे होत असतील का? काही होत असतील, असं मानायला जागा आहे. दूषित पाण्याऐवजी तापवलेलं पाणी पोटात जायला लागलं, शिळ्या आणि किडक्या रसदीऐवजी ताजं आणि समोर भाजलेलं अन्न मिळालं, तर हगवणीच्या रोग्याला आराम पडणं साहजिक आहे. पण मग श्रेय उकळण्याला आणि भाजण्याला द्यायला हवं होतं. डॉक्टरांनी ते बीफला दिलं.

पोटातलं आंबवण

त्या निदानावर त्यांनी पुढची वीस-पंचवीस वर्षं इमारत उभी केली. १८८८ मध्ये न्यूयॉर्कमधून त्यांचं जाडजूड पुस्तक निघालं, ‘द रिलेशन ऑफ अलिमेंटेशन अँड डिसीज’, म्हणजे आहार आणि रोग यांचा संबंध. संधिवात, दमा, क्षय, मूत्रपिंडाचे विकार अशा कितीतरी दुखण्यांचं मूळ त्यांनी एकाच ठिकाणी ठेवलं. धान्य, कंद, फळं आणि साखर पोटात आंबतात, त्यातून आम्लं आणि वायू तयार होतात आणि ते शरीरभर पसरून अवयव बिघडवतात. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जीवाणू १८८२ मध्येच दाखवला होता. हे पुस्तक त्यानंतर सहा वर्षांनी आलं, तरी त्यात क्षय अन्नातूनच येतो.

सॉल्सबरींच्या बाबतीत हे पहिल्यांदा घडलं नव्हतं. गोवराचं कारण त्यांना गव्हाच्या काडावरच्या बुरशीत सापडलं होतं. १८६६ मध्ये त्यांनी हिवतापाचं कारण म्हणून दलदलीतल्या एका सूक्ष्म शेवाळाकडे बोट दाखवलं होतं. पुढे १८८० मध्ये लाव्हेराँ यांनी अल्जीरियात हिवतापाचा खरा परजीवी पाहिला आणि १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला तो डासाच्या पोटात गाठला. रोगामागे डोळ्यांना न दिसणारं काहीतरी सजीव असतं, हा सॉल्सबरींचा अंदाज बरोबर होता. त्यांनी पकडलेला जीव दर वेळी चुकीचा निघाला.

त्यांचं पथ्य कडक होतं. जेवणाआधी तास-दोन तास गरम पाणी घोटाघोटाने प्यायचं, झोपण्याआधी पुन्हा एकदा. जेवायला मुख्यतः बीफच्या वड्या, दिवसातून तीनदा. भाजी, पाव, बटाटा, गोड पदार्थ दुखणं हटेपर्यंत जवळजवळ बंद. माणसाच्या दातांच्या घडणीवरून त्यांनी हिशोब मांडला होता, की माणूस दोन भाग मांसाहारी आणि एक भाग शाकाहारी आहे.

वडीची कृती मात्र त्यांनी मन लावून लिहिली आहे, आणि ती वाचताना हा माणूस स्वयंपाकघरात उभा राहिलेला होता हे कळतं. मांसातली चरबी, कूर्चा आणि चिवट पडदे शक्य तितके काढून टाकायचे. चिरण्याच्या यंत्राखाली मांस कुटलं जात असताना चिवट धागे खाली बसतात आणि मऊ लगदा वर येतो, तो मधूनमधून चमच्याने खरवडून घ्यायचा. अर्धा ते एक इंच जाडीच्या वड्या थापायच्या. थापताना दाबायचं नाही, फक्त एकत्र राहतील इतपतच हात लावायचा, नाहीतर वडी खाताना काळीज खाल्ल्यासारखी घट्ट लागते. ज्वाळा आणि धूर नसलेल्या निखाऱ्यावर हळूहळू भाजायची, गरम ताटलीत काढून लोणी, मीठ, मिरपूड घालायची. हवं तर वूस्टरशर सॉस, मोहरी किंवा लिंबू. पाव नाही, पीठ नाही, रस नाही.

नावाची कीर्ती

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत आहारसुधारकांची नावं पदार्थांना सर्रास चिकटत. सिल्व्हेस्टर ग्रॅहॅम हे धर्मोपदेशक न चाळलेल्या गव्हाच्या पिठाचा आणि शाकाहाराचा प्रचार करत, त्यांच्यावरून ‘ग्रॅहॅम क्रॅकर’ हे बिस्किट आलं. मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात डॉक्टर जॉन हार्वी केलॉग मांस सोडायला सांगत, त्यांचं आडनाव आज मक्याच्या पोह्यांच्या खोक्यावरून जगभर फिरतं. केलॉग आणि सॉल्सबरी समकालीन होते, दोघांनाही पोटात नको ते आंबतं याची धास्ती होती, आणि दोघांचे उपाय एकमेकांच्या अगदी विरुद्ध. एकाने मांस सोडा म्हटलं, दुसऱ्याने मांसाखेरीज सगळं सोडा म्हटलं.

सॉल्सबरींचं पथ्य अटलांटिकपलीकडेही पोहोचलं. इंग्लंडमध्ये एल्मा स्टुअर्ट नावाच्या बाईंनी या उपचाराने आपण बऱ्या झालो असं सांगत त्यावर पुस्तक लिहिलं आणि ते पुष्कळ वाचलं गेलं. या बाई कादंबरीकार जॉर्ज एलियट यांच्या निस्सीम भक्त, आणि लंडनच्या हायगेट दफनभूमीत त्यांची कबर एलियट यांच्या कबरीला लागून आहे. अशा प्रसारामुळे १८९७ च्या सुमारास ‘सॉल्सबरी स्टेक’ हे नाव अमेरिकेत छापात वापरलं जाऊ लागलं होतं. १९०५ मध्ये डॉक्टर वारले, तोपर्यंत त्यांचं औषध खानावळीच्या यादीत जाऊन बसलं होतं.

आता एक गैरसमज. हे नाव पहिल्या महायुद्धात ठेवलं गेलं, असं अनेकदा सांगितलं जातं. तारखा पाहिल्या तर ते जमत नाही, पण त्या समजुतीला आधार मात्र आहे. त्या काळी खिम्याच्या भाजलेल्या वडीचं प्रचलित नाव ‘हॅम्बर्ग स्टेक’ होतं. हॅम्बर्ग हे जर्मनीचं मोठं बंदर. युरोपातून अमेरिकेला निघालेले लाखो लोक तिथून जहाजात चढत आणि नावही त्यांच्याबरोबर न्यूयॉर्कला उतरलं. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली आणि सगळं जर्मन डोळ्यांत खुपायला लागलं. साउअरक्राउट, म्हणजे आंबवलेली कोबी, ‘लिबर्टी कॅबेज’ झाली, जर्मन गोवर ‘लिबर्टी मीझल्स’ झाला. हॅम्बर्गरलाही ‘लिबर्टी’ जोडून पाहिलं, पण खानावळवाल्यांना त्यापेक्षा सोयीचं नाव तयारच होतं, इंग्रजी वाटणारं, भारदस्त आणि वर डॉक्टरांचं. युद्धाने हे नाव जन्माला घातलं नाही, घरोघरी मात्र पोहोचवलं.

कठीण मांस मऊ कसं होतं

पथ्याचा पदार्थ टिकला तो चवीमुळे आणि स्वस्ताईमुळे. यामागे खिम्याचं एक साधं यंत्रशास्त्र आहे.

मांस म्हणजे स्नायू, आणि स्नायू म्हणजे केसासारख्या बारीक तंतूंच्या जुड्या. प्रत्येक जुडीभोवती कोलॅजन नावाच्या चिवट प्रथिनाचं आवरण असतं. जनावर जे अवयव जास्त वापरतं, मान, खांदा, पाय, तिथे कोलॅजन जास्त आणि घट्ट. पाठीच्या कण्याजवळचा स्नायू फारसा राबत नाही म्हणून तो मऊ, म्हणून महाग, आणि खरा स्टेक तिथून कापला जातो. एका जनावरात असं मऊ मांस थोडंच निघतं. उरलेल्याचं काय करायचं?

एक मार्ग वेळेचा. कोलॅजन पाण्यात तासन् तास मंद शिजवलं, की विरघळून त्याचं जिलेटिन होतं. पाया सूप गार झालं की थिजतं ते त्यामुळेच. दुसरा मार्ग सुरीचा. काथ्याचा दोर हातांनी ओढून तुटत नाही, पण त्याचे आडवे बारीक तुकडे केले तर चिमटीत चुरगळतो. काथ्या तोच असतो, फक्त त्याची लांबी गेलेली असते. खिमा करताना कोलॅजन नाहीसं होत नाही, त्याचे तुकडे इतके आखूड होतात की दातांना तोडण्यासारखं काही राहत नाही. जे काम शिजायला तीन तास लागले असते ते दोन मिनिटांत होतं. म्हणून मानेचं स्वस्त मांस तव्यावर झटपट भाजून खाता येतं, आणि म्हणूनच खिम्याच्या वडीला ‘स्टेक’ म्हणायची हिंमत झाली.

एकोणिसाव्या शतकात हाताने फिरवायची खिमायंत्रं आली तेव्हा हे काम आणखी सोपं झालं. त्यातला पेचदार दांडा मांस पुढे ढकलतो, फिरतं पातं ते कापतं आणि भोकांच्या चकतीतून शेवेसारखा खिमा बाहेर पडतो. सायकलचा पूर्वज मानली जाणारी दोन चाकांची लाकडी गाडी १८१७ मध्ये चालवून दाखवणाऱ्या जर्मनीच्या कार्ल ड्राइस यांना या यंत्राचंही श्रेय दिलं जातं. मांस गार असताना दळावं, हा खाटकांचा नियमही समजून घेण्यासारखा आहे. गार चरबी कणाकणाने कापली जाते, कोमट चरबी मात्र लोण्यासारखी माखते आणि भाजताना सगळी तव्यावर वितळून जाते. मग वडी कोरडी पडते.

मिठाचंही असंच. स्नायूच्या तंतूंत मायोसिन नावाचं प्रथिन असतं. मीठ घालून खिमा मळला, की ते विरघळून चिकट होतं आणि भाजल्यावर सगळा खिमा एकमेकांना घट्ट धरतो. सॉसेजला किंवा सळईवरच्या शीख कबाबाला हेच हवं असतं, म्हणून ते भरपूर मळतात. वडीला मात्र ते मारक. तिला मीठ शेवटी, वरून लावायचं आणि हात हलका ठेवायचा. सॉल्सबरींना मायोसिन माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण दाबू नका आणि मीठ भाजल्यावर घाला, या त्यांच्या दोन्ही सूचना आजच्या रसायनशास्त्राच्या कसोटीला पूर्ण उतरतात. त्यांचं वैद्यक चुकलं, स्वयंपाक चुकला नाही.

पाव आला कसा

मग डॉक्टरांनी हद्दपार केलेला पाव परत का आला?

मांस तापलं की आक्रसतं. साधारण ५० अंश सेल्सिअसला मायोसिन गोठायला लागतं, ६० ते ६५ अंशांच्या आसपास कोलॅजन आकुंचन पावतं आणि आतलं पाणी पिळून निघतं. त्याच आकुंचनामुळे वडीच्या कडा आत ओढल्या जातात आणि मधला भाग फुगतो. भाजण्याआधी वडीच्या मधोमध अंगठ्याने खळगा करतात तो याचसाठी. चरबीने भरलेल्या वडीत हा कोरडेपणा फारसा जाणवत नाही. पण मांस कमी चरबीचं असेल, किंवा वडी पूर्ण शिजवायची असेल, तर ती भुसभुशीत आणि कोरडी होते. डॉक्टरांच्या मूळ वडीत हे दोन्ही होतं. ती औषध म्हणून गिळली जाई, दिवसातून तीनदा आवडीने खाण्यासारखी ती असेल असं मला वाटत नाही.

दुधात किंवा पाण्यात भिजवलेला पाव खिम्यात मिसळला की दोन गोष्टी होतात. पावातला स्टार्च पाणी धरून ठेवतो, मांसातून सुटलेला रसही शोषतो. शिवाय पावाचे कण मांसाच्या कणांमध्ये येऊन बसतात, त्यामुळे प्रथिनं एकमेकांना फार घट्ट बांधू शकत नाहीत. वडी पूर्ण शिजूनही मऊ राहते. अंड्याचं काम याच्या उलट, ते सगळं एकत्र धरून ठेवतं. मुंबईतल्या खिमा कटलेटात भिजवून पिळलेला पाव पडतो तो याच कारणाने. वर, पाव मांसापेक्षा स्वस्त, त्यामुळे तेवढ्याच खिम्यात आणखी दोन माणसं जेवतात. पगार बेताचा असलेल्या घराला आणि शेकडो पानं वाढणाऱ्या शाळेच्या भोजनगृहाला हे दुसरं कारण अधिक पटलं असणार.

आज अमेरिकेत हॅम्बर्गर आणि सॉल्सबरी स्टेक यांच्यातला कायदेशीर फरकच या पावावर उभा आहे.

> चौकट: खोक्यावर ‘सॉल्सबरी स्टेक’ छापायचं तर
>
> अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नियमांप्रमाणे त्यात किमान ६५ टक्के मांस हवं. त्या मांसात २५ टक्क्यांपर्यंत डुकराचं मांस चालतं. चरबी ३० टक्क्यांपेक्षा जास्त नको. पावाचा चुरा, पीठ, ओट असा भराव १२ टक्क्यांपर्यंत. बाकी कांदा, ढोबळी मिरची, अळंबी, अंडं, दूध, पाणी, मसाला. पदार्थ पूर्ण शिजवलेला हवा. कच्चा असेल तर ‘सॉल्सबरी स्टेकसाठी पॅटी’ असं लिहावं लागतं.
>
> ‘हॅम्बर्गर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या खिम्यात चरबीची मर्यादा तीच, पण पाणी, भराव किंवा बांधणी यांतलं काहीही घालता येत नाही.

म्हणजे डॉक्टरांच्या मूळ वडीला आजचा कायदा त्यांचं नाव न देता हॅम्बर्गरच म्हणेल.

तव्यावरची चव

वडी तापल्या तव्यावर टाकली, की चुर्र आवाज होतो. तो पृष्ठभागावरचं पाणी उडून जाण्याचा आवाज. पाणी असेपर्यंत तिथलं तापमान शंभर अंशांच्या फार वर जात नाही. ते उडालं की पृष्ठभाग १४० अंशांपलीकडे तापतो आणि प्रथिनांचे घटक आणि शर्करा यांच्यात एक प्रक्रिया सुरू होते. लुई-कामी मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ती वर्णन केली, म्हणून तिला मायार प्रक्रिया म्हणतात. तिच्यातून शेकडो नवे सुगंधी पदार्थ तयार होतात आणि तपकिरी रंग येतो. ओली वडी टाकली, किंवा तव्यात गर्दी केली, तर पाणी उडायला वेळ लागतो आणि वडी भाजण्याऐवजी वाफेवर शिजून करडी पडते.

वडी काढल्यावर तव्याला तपकिरी खरपुडी चिकटलेली असते. चव तिथेच साठलेली असते. त्यावर कांदा परतायचा, अळंबी टाकायची, मग लोण्यात पीठ भाजून मांसाचं गरम पाणी ओतायचं आणि उलथन्याने तळ खरवडायचा. खरपुडी सुटून रसात मिसळते. उकळत्या पाण्यात कोरडं पीठ टाकलं की गुठळ्या होतात, हे पिठलं करणाऱ्या कुणालाही सांगायला नको. कणांचा बाहेरचा थर फुगून चिकटतो आणि आत कोरडं पीठ अडकतं. लोण्यात आधी भाजलं की प्रत्येक कणाला स्निग्ध लेप बसतो, कण सुटे राहतात आणि सगळे सारखे फुगतात. मग रस गुळगुळीत, दाट होतो आणि वडीवर ओघळून न जाता टिकतो.

या रसामुळेच १९५० च्या दशकात गोठवलेल्या तयार जेवणाचा धंदा उभा राहिला तेव्हा सॉल्सबरी स्टेक त्यात चपखल बसला. अखंड स्टेक गोठवून पुन्हा तापवला तर कातड्यासारखा होतो. पाव घातलेली, रसात बुडवलेली वडी तो सगळा छळ निमूट सोसते. अॅल्युमिनियमच्या खणांच्या ताटात, बटाटा आणि मटारांच्या शेजारी ती अमेरिकेच्या एका अख्ख्या पिढीच्या लहानपणाची चव झाली.

७१ अंशांची रेघ

एका बाबतीत मात्र खिम्याला स्टेक समजणं जिवावर बेतू शकतं. अखंड तुकड्यावर जीवाणू असतील तर ते पृष्ठभागावर असतात आणि तापल्या तव्यावर लगेच मरतात, म्हणून आतून लालसर स्टेक खाणारे सहसा आजारी पडत नाहीत. खिमा करताना पृष्ठभागच आत ढवळला जातो. शिवाय कारखान्यातल्या एका घाण्यात अनेक जनावरांचं मांस एकत्र येतं.

१९८२ मध्ये अमेरिकेत ई. कोलाय जीवाणूचा ओ१५७:एच७ हा घातक प्रकार अर्धवट शिजलेल्या हॅम्बर्गरमधून पसरल्याचं पहिल्यांदा ओळखलं गेलं. १९९३ मध्ये पश्चिमेकडच्या राज्यांत झालेल्या मोठ्या उद्रेकात सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुलं दगावली. पुढच्याच वर्षी तिथल्या कृषी खात्याने खिम्यात हा जीवाणू सापडला तर तो माल भेसळीचा ठरेल असं जाहीर केलं. आजचा नियम सांगतो, की अखंड स्टेक ६३ अंशांना उतरवून तीन मिनिटं ठेवला तरी चालतो, पण खिम्याची वडी मधोमध ७१ अंशांपर्यंत तापलीच पाहिजे. रंगावर विसंबायचं नाही, कारण एखादी वडी कच्ची असतानाच तपकिरी होते आणि एखादी पूर्ण शिजूनही गुलाबी राहते. सुईचा तापमापक मध्यभागी खुपसून पाहणं हाच मार्ग. इराणी हॉटेलातला खिमा पातेल्यात बराच वेळ उकळत असतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न उद्भवत नाही. वडी जाड असते, बाहेरून लवकर रंगते, म्हणून ती फसवते.

भाताबरोबर, आणि लेबलावर

जपानमध्ये हीच वडी ‘हाम्बागु’ नावाने रोजच्या जेवणातली झाली आहे. बीफ आणि डुकराचा एकत्र खिमा, परतलेला कांदा, दुधात भिजवलेला पावाचा चुरा, वर दाट तपकिरी रस आणि शेजारी बहुतेक वेळा भात. नाव हॅम्बर्गचं ठेवलं आणि पदार्थ सॉल्सबरीचा घेतला, असं तिथे झालेलं दिसतं. हवाई बेटांवरच्या ‘लोको मोको’ मध्ये तर भातावर वडी, वडीवर अंडं आणि सगळ्यावर रस.

महाराष्ट्रात २०१५ पासून गाय आणि बैल दोघांच्याही कत्तलीवर बंदी आहे, बाजारात मिळतं ते म्हशीचं. गोव्यात समारंभांना बीफचे क्रोकेट होतात, तिथे मांस आधी मसाल्यात शिजवून मग बारीक करतात आणि रव्यात घोळवून तळतात. सॉल्सबरी स्टेक मात्र आपल्याकडे रुजला नाही. मराठी माणसाची त्याच्याशी गाठ पडते ती परदेशातल्या शाळेच्या डब्यात, रुग्णालयाच्या ताटात, विमानात किंवा त्या गोठवलेल्या कपाटापाशी.

तिथे नावावर जाण्यापेक्षा खोक्याच्या मागची बारीक अक्षरं वाचावीत. बीफ नको असणाऱ्यांना ‘स्टेक’ या शब्दावरून काहीच निश्चित कळत नाही, कारण याच नावाच्या धर्तीवर टर्की पक्ष्याच्या मांसाच्या वड्याही मिळतात. डुक्कर वर्ज्य असणाऱ्यांनी तर आवर्जून पाहावं, कारण पुढे फक्त ‘सॉल्सबरी स्टेक’ लिहिलेलं असलं तरी आत चतुर्थांश मांस डुकराचं असू शकतं. गव्हाची अॅलर्जी असेल तर पावाचा चुरा आणि रसातलं पीठ, दोन्हींकडे लक्ष हवं. आणि ‘सॉल्सबरी स्टेकसाठी पॅटी’ असं लिहिलेलं असेल, तर आतली वडी कच्ची आहे, ती नुसती गरम करून भागणार नाही.